घरचा चित्रपटसंग्रह : फाइल, नाव आणि नोंद

सिनेमा घरात असणं वेगळं आणि हवा तेव्हा सापडणं वेगळं. आज साध्या मध्यमवर्गीय घरातही सिनेमे शेकड्यांनी असतात. काही जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर, काही दोन-तीन पेन ड्राइव्हमध्ये, काही कपाटातल्या व्हीसीडी-डीव्हीडींवर आणि उरलेले ओटीटीच्या वर्गणीत. पण रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर कुणी ‘उंबरठा लावा रे’ म्हटलं की शोधाशोध सुरू होते. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावावा तर पडद्यावर ‘न्यू फोल्डर 2’ आणि ‘मूव्ही फायनल’ अशी नावं उमटतात. ओटीटीवर गेल्या वर्षी दिसलेला सिनेमा यंदा तिथे नसतो. मग जे समोर येईल ते लावलं जातं आणि अर्ध्या तासात निम्मं घर उठून जातं.

या प्रकरणात ज्या सॉफ्टवेअरची ओळख करून घ्यायची आहे ती सिनेमा दाखवतात, आणि चांगला दाखवतात. तरी त्यांचं सगळ्यात मोलाचं काम नोंद ठेवण्याचं आहे असं माझं मत आहे. सिनेमा कोणता, कोणत्या सालचा, कुणी काढला, त्यात कोण कोण आहे, घरात कुणी तो पाहिला आणि कुठे अर्धवट सोडला, हे सगळं एका जागी असेल तरच ढिगाचा संग्रह होतो. इंग्रजी सिनेमांच्या बाबतीत ही नोंद आयती मिळते. मराठी सिनेमांच्या बाबतीत ती पुष्कळदा अपुरी असते, कधी चुकीची असते, आणि तिथे आपल्याला हात लावावा लागतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला व्हीएलसी प्लेअर बहुतेक संगणकांवर असतो. त्याचा जन्म 1996 साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतला. वसतिगृहाचं संगणकांचं जाळं जुनं आणि मंद झालं होतं आणि विद्यार्थ्यांना नवं, वेगवान जाळं हवं होतं. तेवढा वेग कशासाठी लागतो हे दाखवणारं काम म्हणून उपग्रहावरून येणारा टीव्ही जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोचवायचा घाट त्यांनी घातला. एक संगणक चित्र पाठवणार, दुसरा ते दाखवणार. 2001 मध्ये हा सगळा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला. पाठवणाऱ्या संगणकाचा सर्व्हर मागे पडला आणि दाखवणारा व्हीएलसी जगभर पसरला. चिन्हातला शंकू त्या विद्यार्थ्यांनी गोळा करून आणलेल्या रस्त्यावरच्या शंकूंवरून आला.

एकाने साठवायचं आणि दुसऱ्याने दाखवायचं ही विभागणी घरच्या संग्रहासाठी सर्वांत सोयीची आहे. कपाटाशेजारी ठेवलेला जुना लॅपटॉप सिनेमे सांभाळतो. दिवाणखान्यातला टीव्ही, स्वयंपाकघरातला टॅब आणि मुलांचा फोन त्याच्याकडून मागून घेतात. मधे घरचा वायफाय असतो. यातला एकही सिनेमा इंटरनेटवरून येत नाही, त्यामुळे बाहेरची लाइन बंद पडली तरी घरातला सिनेमा चालू राहतो.

या कामासाठी तीन सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत आणि तिघांच्या कुळकथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिलं कोडी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळांच्या यंत्रावर सिनेमे चालावेत म्हणून हौशी मंडळींनी 2002 मध्ये एक प्लेअर लिहिला. त्यातून एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं, ते पुढे साध्या संगणकांवर आलं आणि 2014 मध्ये त्याने कोडी हे नाव घेतलं. त्याचाच मॅकसाठीचा अवतार 2008 च्या सुमारास वेगळा झाला, तो प्लेक्स. तिसरं जेलीफिन. एम्बी नावाच्या सर्व्हरच्या कंपनीने आपला कोड बंद केला, तेव्हा आधीचा खुला कोड घेऊन काही स्वयंसेवकांनी डिसेंबर 2018 मध्ये वेगळी चूल मांडली. आज तो पूर्ण मोफत आणि मुक्त आहे.

निवड कशी करावी? टीव्हीला संगणक थेट एचडीएमआय केबलने जोडलेला असेल आणि पाहण्याची जागा एकच असेल, तर कोडी पुरेसं आहे. पडदे एकाहून जास्त असतील तर जेलीफिन घ्यावं. प्लेक्स बसवायला सगळ्यात सोपं, टीव्हीवरचं त्याचं अॅपही देखणं. पण त्यासाठी कंपनीकडे खातं उघडावं लागतं आणि 2025 पासून घराबाहेरून आपलाच सिनेमा पाहण्यासाठी पैसे मोजावे लागतात. आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असू नये, म्हणून मी जेलीफिनच्या बाजूचा आहे.

बसवणं अवघड नाही. लॅपटॉपवर जेलीफिन सर्व्हर टाकला की ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं. तिथे घरातल्या माणसांची खाती करायची, ‘मूव्हीज’ प्रकारचं एक दालन उघडायचं आणि सिनेमे कोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते दाखवायचं. टीव्हीवर अॅप टाकून त्याला लॅपटॉपचा घरातला पत्ता द्यायचा. एवढं झालं की सॉफ्टवेअर फोल्डर चाळायला लागतं आणि थोड्या वेळात पडद्यावर पोस्टरांच्या रांगा उभ्या राहतात. पाहणारा पहिल्यांदा हरखून जातो, आणि मग दोन-चार पोस्टरं भलतीच आहेत हे त्याच्या लक्षात येतं.

ती भलती का येतात हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर सिनेमा पाहत नाही. ते फाइलचं किंवा फोल्डरचं नाव वाचतं, त्यातून शीर्षक आणि साल वेगळं काढतं आणि ते एका सार्वजनिक कोशात शोधतं. म्हणून सिनेमाचं नाव आणि कंसात साल, एवढं आणि एवढंच फोल्डरच्या नावात असावं. आता जब्बार पटेलांचा 1979 चा ‘सिंहासन’ घ्या. रोमन लिपीत तो कुणी ‘एन’ने लिहितो, कुणी ‘एम’ने, कुणी मधे ‘जी’ घालतो. साल न लिहिता ‘जी’चं रूप दिलं तर 1986 चा जितेंद्रचा हिंदी ‘सिंहासन’ पुढे येतो आणि मंत्रालयातल्या राजकारणाच्या जागी मुकुट घातलेले राजे पोस्टरवर झळकतात. ‘देवदास’ म्हटलं तर 1935 चा, 1955 चा की 2002 चा? ‘श्यामची आई’ म्हटलं तर आचार्य अत्र्यांचा 1953 चा की 2023 चा? साल लिहिलं की प्रश्न मिटतो.

मात्र सालाचीही एक खोच आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला 2015 मध्ये, पण व्हेनिसच्या महोत्सवात तो 2014 मध्येच दाखवला गेला होता. कोश पहिलं प्रदर्शन धरतात, त्यामुळे तिथे तो 2014 चा आहे. ‘फँड्री’ आपण 2014 मध्ये पाहिला, कोशात तो 2013 चा. ‘किल्ला’चंही तेच : बर्लिन 2014, इथली थिएटरं 2015. अलीकडचे गाजलेले मराठी सिनेमे आधी महोत्सवांतून फिरून येतात, म्हणून आपल्या आठवणीतलं साल आणि कोशातलं साल एका वर्षाने हुकतं. सिनेमा सापडत नसेल तर आधी एक वर्ष मागे जाऊन पाहावं.

त्याहून बिकट प्रश्न दोन भाषांत काढलेल्या सिनेमांचा. पुण्याच्या प्रभातने एकच कथा मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी चित्रित करण्याची पद्धत रुळवली होती. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या त्या जोड्या. ही भाषांतरित ध्वनिपट्टी नव्हती. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होई. ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत, त्यांची जागा ‘पडोसी’त मझहर खान यांनी घेतली, गजानन जागीरदार दोन्हींत आहेत. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’सुद्धा ‘सुबह’ या नावाने हिंदीत आहे. माझं ठाम म्हणणं आहे की अशा जोड्यांच्या नोंदी वेगवेगळ्या असाव्यात आणि ‘संच’ म्हणून त्या एकमेकींना जोडाव्यात. जेलीफिन आणि कोडी दोन्हींत असे संच करता येतात. एकाच नोंदीखाली दोन्ही कोंबले तर कोणत्या तरी एका सिनेमातला नट आपण नाहीसा करतो.

आता कपाटातल्या चकत्यांकडे वळू. मराठी घरांत सगळ्यात दुर्मिळ माल असतो तो व्हीसीडींवर. 2000 नंतरची काही वर्षं मराठी नाटकांच्या, लोकनाट्यांच्या आणि जुन्या चित्रपटांच्या व्हीसीडी अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. त्यांतली कितीतरी नाटकं आज कुठल्याही ओटीटीवर नाहीत. आणि या चकत्या कायम टिकणाऱ्या नाहीत. ओरखडे पडतात, वरचा चकाकता थर सोलवटतो, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर बुरशीच्या नक्ष्या दिसू लागतात. तेव्हा व्हीसीडी उतरवून घेण्याचं काम लांबवू नये.

चकती संगणकात घातली की तिच्यात ‘एम्पेगएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘डॅट’ प्रकारची एक मोठी फाइल. सिनेमा तो हाच. व्हीसीडीला कुलूप नसतं, त्यामुळे ही फाइल सरळ कॉपी होते; मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे दोन चकत्यांचं नाटक दीड जीबीच्या आत. कॉपी मधेच अडकली तर चकती मऊ सुती कापडाने मध्यातून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल पुसलं तर ओरखडा वाचण्याच्या वाटेवरच पडतो. तरीही अडलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा मुकाट्याने वाचतो, हा अनेकांचा अनुभव आहे. पहिल्या आणि दुसऱ्या चकतीच्या फाइलींना सिनेमाचं नाव, साल आणि शेवटी ‘सीडी1’, ‘सीडी2’ असं रोमन अक्षरांत लिहिलं की सॉफ्टवेअर त्या दोन्ही एकापाठोपाठ एक, एकच सिनेमा म्हणून लावतं. मध्यंतरात उठून चकती बदलण्याचं काम संपलं.

व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. मोठ्या टीव्हीवर ते ढोबळ दिसणारच. ‘दर्जा वाढवून देतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरने चेहरे गुळगुळीत होतात, माणसं मेणाची दिसतात. मूळ फाइल आहे तशी जपावी. प्रयोग करायचेच असतील तर वेगळ्या प्रतीवर करावेत.

घरच्या व्हीएचएस कॅसेटींचं काम वेगळं. व्हीसीआरमधून पिवळी, लाल आणि पांढरी वायर काढून एका छोट्या कॅप्चर यंत्राला लावायची आणि ते संगणकाच्या यूएसबीला. इथे कॉपी नसते, कॅसेट चालते तेवढाच वेळ लागतो. तीन तासांच्या लग्नाला तीन तास. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, ती बुरशी यंत्राच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या कॅसेटी खराब करते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

अशा चित्रफितींची नोंद जगातल्या कुठल्याही कोशात नसते. ती आपणच लिहायची. कोडी आणि जेलीफिन सिनेमाच्या शेजारी ठेवलेली ‘एनएफओ’ नावाची साधी मजकूर-फाइल वाचतात. शीर्षक, तारीख, गाव, वर्णन, आणि कलाकारांच्या जागी माणसांची नावं तिच्यात लिहिता येतात. जेलीफिनच्या पडद्यावरचा ‘मेटाडेटा’चा तक्ता भरला आणि एनएफओ साठवण्याचा पर्याय चालू ठेवला, तर ही फाइल आपोआप तयार होते. 1988 च्या लग्नात बैठकीला कोण कोण बसलं आहे हे ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसून ही नावं भरून घ्यावीत. एकदा भरली की ‘मालूआत्या’ हे नाव दाबल्यावर ती ज्या ज्या कार्यात दिसते त्या सगळ्या चित्रफिती पडद्यावर येतात. नटनट्यांसाठी केलेली सोय घरच्या माणसांना तितकीच लागू पडते.

‘चित्र दिसतं पण आवाज येत नाही’ ही सार्वत्रिक तक्रार. तिचं मूळ समजायला हवं. सिनेमाची फाइल हा डबा असतो. एमकेव्ही, एमपी4, एव्हीआय ही डब्यांची नावं. आत वेगवेगळ्या पुड्यांत चित्र, आवाज आणि सबटायटल भरलेली असतात आणि प्रत्येक पुडी बांधण्याची रीत, म्हणजे कोडेक, वेगळी असू शकते. टीव्हीला डबा उघडता आला, चित्राची पुडी सुटली, पण आवाज डीटीएस पद्धतीने बांधलेला असेल आणि टीव्हीच्या कंपनीने डीटीएसचा परवाना घेतलेला नसेल, तर मूकपट सुरू होतो. फाइल बिघडलेली नसते. चित्राचंही तसंच : 2003 चं एच 264 जवळपास सगळीकडे चालतं, 2013 चं एच 265 जुन्या टीव्हींना झेपत नाही, आणि 2018 चं एव्ही1 तर फक्त अलीकडच्या यंत्रांना.

सर्व्हरचा उपयोग इथे पुन्हा दिसतो. टीव्हीला काय झेपतं हे त्याला कळतं. झेपत असेल तर फाइल जशीच्या तशी जाते. नसेल तर सर्व्हर तिथल्या तिथे नव्या पद्धतीने बांधून पाठवतो. नुसता आवाज बदलायला फार शक्ती लागत नाही. चित्र बदलायला मात्र जुना लॅपटॉप घामाघूम होतो. अशा वेळी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने रात्रीतून ती फाइल एकदाच बदलून ठेवावी. इंटेलच्या 2011 नंतरच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की फरक लगेच जाणवतो.

सबटायटलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण देवनागरीचे हाल इथेच होतात. एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एक क्रमांक, त्याखाली वेळेची ओळ, त्याखाली वाक्य, मग एक रिकामी ओळ, बस, एवढंच. फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवून शेवटी मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरं जोडली की प्लेअरमध्ये ‘मराठी’ असा पर्याय दिसतो. पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन आले तर फाइल ‘यूटीएफ-8’ मध्ये साठवलेली नाही असं समजावं. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अॅज’ करताना खाली ‘एन्कोडिंग’ची पट्टी असते, तिथे यूटीएफ-8 निवडावं. पण एकदा प्रश्नचिन्हं होऊन साठवली गेलेली अक्षरं परत येत नाहीत. मूळ फाइलच शोधावी लागते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, तो परिवर्तकातून काढावा लागतो. आणि अक्षरं बरोबर असूनही जोडाक्षरं फुटत असतील, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसत असेल, तर दोष टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरचा असतो. तीच फाइल व्हीएलसी किंवा कोडीमध्ये लावली की बहुधा नीट दिसते. कमी ऐकू येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मराठी सिनेमालाही मराठी सबटायटल असणं किती मोलाचं आहे, हे ज्या घरात असं माणूस आहे तिथे सांगावं लागत नाही.

आता स्ट्रीमिंग. नेटफ्लिक्सने 2007 मध्ये अमेरिकेत ते सुरू केलं, जानेवारी 2016 मध्ये ते भारतात आलं, त्याच वर्षाअखेरीस प्राइम व्हिडिओ. 2021 मध्ये प्लॅनेट मराठी आलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ सुरू केलं. चालतं कसं? सिनेमा आधीच अनेक दर्जांत बांधून ठेवलेला असतो आणि प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. अॅप एक तुकडा मागवतं, तो किती वेळात आला ते मोजतं आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतं. म्हणून शेजारच्या खोलीत कुणी मोठं डाउनलोड लावलं की चित्र क्षणभर धुरकट होतं, पण सिनेमा थांबत नाही. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत आणि 4केला 7 जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलच्या डेटावर पाहणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा.

सोय मोठी आहे आणि मी स्वतः ती आनंदाने वापरतो. नवा मराठी सिनेमा तालुक्याच्या गावात थिएटरला एक आठवडाही टिकत नाही; तिथल्या प्रेक्षकाला ओटीटी हाच आधार आहे. पण स्ट्रीमिंगवरचा सिनेमा आपला नसतो. सेवा ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक देशांसाठी हक्क विकत घेते. मुदत संपली की सिनेमा उतरतो. पुण्यात दिसणारा सिनेमा न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला दिसत नाही, त्यालाही कारण हेच. अॅपमधलं ‘डाउनलोड’ कुलूपबंद असतं आणि काही दिवसांनी मावळतं. ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं बटणसुद्धा पुष्कळदा परवानाच देतं. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर 2024 मध्ये कायदा करून अशा विक्रीच्या वेळी ‘हा परवाना आहे’ हे स्पष्ट सांगणं दुकानांना बंधनकारक केलं.

तेव्हा स्ट्रीमिंगच्या बाबतीत आपल्या हाती उरते ती नोंद. कोणता सिनेमा आज कोणत्या सेवेवर आहे हे जस्टवॉच नावाची सेवा भारतासाठीही सांगते. पाहिलेल्या आणि पाहायच्या सिनेमांची यादी न्यूझीलंडमध्ये 2011 साली सुरू झालेल्या लेटरबॉक्सडवर ठेवता येते, तारखेसह आणि चार ओळींच्या मतासह. एक सवय मात्र लावून घ्यावी : ‘पाहायचे आहेत’ ही यादी एखाद्या ओटीटीच्या आत न ठेवता बाहेर ठेवावी. वर्गणी थांबवली तरी यादी आपल्याकडे राहते, आणि तीन महिन्यांतून एकदा कोणती वर्गणी घ्यावी हे तिच्यावरूनच ठरवता येतं.

कायद्याचं थोडक्यात. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त उपयोगाला जागा आहे. 2012 च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवला. विकत घेतलेल्या चकतीची घरात पाहण्यासाठी प्रत ठेवणं एक, ती मित्रमंडळींना वाटत सुटणं दुसरं आणि चोरीच्या संकेतस्थळावरून उतरवणं तिसरं. कोडीसोबत एकही सिनेमा येत नाही; ‘सगळं फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खोक्यांशी आपला संबंध नसल्याचं कोडीच्या मंडळींनी वेळोवेळी जाहीर केलं आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणून 1953 च्या ‘श्यामची आई’ची मुदत 2013 अखेर संपली. गाण्यांचे आणि संगीताचे हक्क मात्र वेगळे चालतात, ते विसरू नये. मराठी सिनेमाचं अर्थकारण नाजूक आहे. नव्या सिनेमाची चोरीची प्रत पाहणारा पुढच्या सिनेमाच्या मुळावर येतो असं मी मानतो.

साठवणीचं गणित सोपं आहे. भरगच्च डीव्हीडी 8.5 जीबीची, म्हणजे 4 टीबीच्या डिस्कवर अशा चारशेहून अधिक मावतात. पण डिस्क कधीतरी बंद पडणारच असं धरून चालावं. बाजारात मिळणारे सिनेमे पुन्हा मिळतील. व्हीसीडीवरची नाटकं, घरची चित्रफीत आणि हाताने भरलेल्या एनएफओ फाइली मात्र पुन्हा मिळायच्या नाहीत. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. साताऱ्याच्या आईवडिलांना पुण्यातल्या सर्व्हरवरचा सिनेमा दाखवायचा असेल, तर आपल्या लाइनचा अपलोडचा वेग पाहावा. अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट पोचता येत नाही. टेलस्केलसारखं खासगी जाळं दोन्हीकडे बसवलं की ही अडचण सुटते आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवरही येत नाही.

शेवटचं काम घराबाहेरचं आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपलं सॉफ्टवेअर ज्या कोशात शोधतं त्याचं नाव टीएमडीबी, द मूव्ही डेटाबेस. 2008 मध्ये सुरू झालेला हा कोश वाचकच लिहितात. कोडी, जेलीफिन आणि लेटरबॉक्सड माहितीसाठी मुख्यतः त्याच्यावरच अवलंबून आहेत. प्लेक्सही त्याचा वापर करतं. त्यामुळे तिथे मराठी सिनेमाची नोंद अर्धी असेल तर ती जगभर अर्धी दिसते. संगीतकार नाही, संकलक नाही, कथासारांश दोन ओळींचा, पोस्टरची जागा रिकामी, मूळ भाषा चुकून हिंदी : जुन्या मराठी सिनेमांच्या नोंदी उघडल्या की हे वारंवार दिसतं.

दुरुस्ती कुणालाही करता येते. मोफत खातं उघडायचं, सिनेमाचं पान काढायचं आणि संपादन दाबायचं. मूळ शीर्षक देवनागरीत लिहावं. पर्यायी शीर्षकांच्या रकान्यात रोमनची प्रचलित रूपं घालावीत, म्हणजे ‘सिंहासन’ कोणत्याही स्पेलिंगने सापडेल. मराठी भाषांतराच्या पानावर सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा, वेष्टनावरचा उचलू नये. नावांसाठी सर्वांत विश्वासाचा आधार म्हणजे सिनेमाची श्रेयनामावली. ती व्हीएलसीमध्ये लावावी, पाटी आली की स्पेस दाबून चित्र थांबवावं. पाटी निसटली तर ‘ई’ हे रोमन अक्षर दाबत एकेक चौकट पुढे जावं. व्हीसीडीच्या ढोबळ चित्रात बारीक अक्षरं लागत नाहीत, तिथे अंदाजाने नाव भरू नये. डीव्हीडी किंवा हक्कधारकाने यूट्यूबवर ठेवलेली चांगली प्रत काढून ताडून पाहावं. नट आणि दिग्दर्शक बहुधा आधीच भरलेले असतात. ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार, वेशभूषाकार, नृत्यदिग्दर्शक, गाण्यांमागचे वादक यांच्या पाट्या भराभर सरकतात आणि तीच नावं कोशात नसतात. एका सिनेमाला साधारण एक संध्याकाळ लागते. साठवलं, की आपल्या घरच्या जेलीफिनमध्ये ‘मेटाडेटा ताजा करा’ दाबावं; ती नावं आपल्या पडद्यावर येतात, आणि नागपुरात, बेळगावात, न्यू जर्सीत जो कुणी तो सिनेमा उघडेल त्याच्याही.